दोनने गुणलेली खोली

अकरावीच्या वह्या तपासताना माझा पारा चढतो, हे आमच्या डोणगावात सगळ्यांना ठाऊक आहे. अदिश म्हणजे नुसता आकडा, त्याला दिशा नसते; दिशा असते ती सदिशाला. तरी पोरं त्याच्या डोक्यावर बाण काढतात. उण्याने गुणलं की सदिश लहान झाला म्हणतात. आणि तीन हात पुढे, चार हात उजवीकडे अशा सदिशाला दोनने गुणा म्हटलं, की उत्तर येतं सहा आणि चार. पहिल्याला गुणलं, दुसरा राहिला. दरवर्षी हेच!

एका मुलीच्या वहीत ही चूक पाच गणितांत पाचही वेळा होती. मी भर वर्गात म्हणालो, "एवढंही जमत नसेल तर सायन्स कशाला घेतलंस?"

दुसऱ्या दिवशी तिचे वडील अर्ज घेऊन आले. ते मिस्त्री. कॉलेजमागे नव्या प्रयोगशाळेचा पाया आखायचं काम त्यांच्याकडेच होतं.

"सर, पोरीले गणित जमून नाही राह्यलं. रोज रडते. आर्ट्सले टाकून देतो तिले. सही द्या."

माझं बोलणं मलाच आठवलं. सही करण्याआधी तिच्याशी बोलावं म्हणून मी त्यांच्याबरोबर मागे गेलो. मधल्या सुट्टीत ती अब्बांच्या मदतीला आली होती.

त्यांची रीत अशी, की कोपऱ्याच्या खुंटीपासून आधी छोटी खोली आखायची, मग तशीच मोठी. तीनाचे सहा हात, चाराचे आठ. मग त्या खुंटीपासून मोठ्या खोलीच्या तिरक्या समोरच्या टोकापर्यंत दोरी ताणायची. ती छोट्या खोलीच्या टोकावरून गेली, तर आखणी बरोबर. माझा सदिश जमिनीवर ताणलेला होता.

"आणि सहा-चारच घेतले तर?" मी तिला विचारलं.

"दोरी हुकते न सर! खोलीचा आकारच..." ती बोलता बोलता थांबली. वहीतली चूक तिला दिसली होती.

"मंग उणे दोन?" तिने स्वतःलाच विचारलं. दोरीचं एक टोक अब्बांकडे मोठ्या खोलीच्या टोकाशी दिलं, दुसरं घेऊन ती खुंटीच्या मागे गेली. सहा हात मागे, आठ हात डावीकडे. दोरी ताणली. ती नेमकी खुंटीवरून गेली, सरळ, बोटभरही न हलता.

माझ्या अंगावर काटा आला. त्या दोनला स्वतःची दिशा नाही, पण केवढी खोली तो न वळवता वाढवतो, आणि एका उण्याने तीच दोरी पाठीमागे धावते! वीस वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आलो, पाहिलं मात्र त्या दिवशी. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा नवल जास्त.

मिस्त्रींनी एका हातात दोरी धरून दुसऱ्याने अर्ज पुढे केला. "सर, सही?"

"अब्बा, दोरी ढिली होऊन राह्यली!" ती पलीकडून ओरडली. "दोन्ही हातानं धरा!"

त्यांनी दोन्ही हातांनी धरली. अर्ज आखणीच्या चुन्यात पडला.