हॉलमध्ये मारलेला पाग

"भितीक टेकान रवा सगळे! पाग मारतंय!" मामा ओरडला आणि आमच्या हॉलमधली यच्चयावत माणसं पालीसारखी भिंतीला चिकटली.

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते मारतात. मामा माझ्या सोफ्यावर उभा होता. समोर माझी चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी, टाकीत खडक, खडकावर माझी प्रवाळं, आणि प्रवाळांवर चरणारा तो मासा.

मासा मामानेच आणलेला. बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही कुणकेश्वरकडच्या माणसांची जुनी खोड. एरवी तो बांगडे आणतो. पण एकदा त्याने माझी टाकी पाहिली आणि भाच्याची गरिबी त्याला बघवेना. एवढं पाणी, आणि त्यात मासा म्हणावा असा मासा नाही. मी माझे दोन बोटभर नारिंगी मासे दाखवले, तर म्हणाला, "हे मसाल्यात घातले तर शोधून गावचे पण नाय." पुढच्या खेपेला बालदीतून एक पिवळा, चपटा, चिमट्यासारख्या तोंडाचा देखणा मासा आला आणि मला न विचारता टाकीत गेलासुद्धा. आईच्या माहेरून आलेली वस्तू आमच्याकडे परत जात नाही. नासका फणसही आम्ही हसत ठेवून घेतो.

दोन-तीन दिवस मासा पाहुण्यासारखा वागला, मग जावयासारखा. माझं सगळ्यात मोठं प्रवाळ मी सुपारीएवढं आणून वर्षभरात नारळाच्या वाटीएवढं केलं होतं. दुपारी ते फुलायचं, शेकडो चिमुकली तोंडं उघडायचं, आणि हा परसातला शेवगा खुडावा तसा एकेक तोंड खुडून खायचा. उरलेल्यांनी भीतीने दारं लावून घेतली. कुडाळच्या टाकीवाल्याने फोनवर सांगितलं की ही जात प्रवाळावरच जगते, लगेच काढा, नाहीतर नुसता दगड उरेल. मी बाटलीचा सापळा करून आत सोललेली कोलंबी ठेवली. सोमवारी माझी आई बघते तसं त्याने कोलंबीकडे बघितलं.

शेवटी मामाला कळवलं. आपण दिलेला मासा असा बेइमान निघाला हे ऐकून तो पहिल्या एसटीने पाग घेऊन हजर झाला. वाटेत एसटीत बसलेल्या सगळ्यांना म्हणे त्याने सांगितलं की आपला पाग जन्मात रिकामा आलेला नाही.

पाग उडाला. असा गोल उघडला की क्षणभर मालवणला ग्रहण लागलं. त्यात भिंतीवरचं कॅलेंडर आलं, टाकीवरचा दिवा आला, तमाशा बघायला आलेल्या शेजारच्या काकूंचा चष्मा आला आणि आमची मांजरी आली. मासा तेवढा खडकामागे. एक गोळी माझ्या प्रवाळाला चाटून गेली तेव्हा माझाच एक पाय अधू झाल्यासारखं वाटलं.

"दादा, तू आता चाय घे," आई म्हणाली. आमच्या घरात यानंतर सभा बरखास्त होते.

मग तिने पदर खोचला. कोकमाची सोलं भिजवायच्या तिच्या टपात टाकीतलंच पाणी ओतलं आणि प्रवाळं अलगद त्यात नेऊन बसवली. मागोमाग एकेक खडक बाहेर काढला, नळीने पाणी उतरवलं. लपायला जागा उरली नाही तसा तो देखणा हरामखोर वीतभर पाण्यात आडवा झाला आणि माझ्या चहाच्या गाळण्याएवढ्या जाळीत निमूट आला. मामाने त्याला बालदीत घेतलं, दर्यात सोडतो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत खडक, प्रवाळं, पाणी सगळं जागच्या जागी. मामा बालदी मांडीशी धरून एसटीची वेळ होईपर्यंत बसला होता. मोठ्या प्रवाळाने आधी एक तोंड उघडून अंदाज घेतला, मग दोन, मग अख्खी आळीच उघडली. मला इतका आनंद झाला की मी मामाला नको ते विचारलं. जन्मात न चुकलेला पाग आज कसा चुकला?

मामाने टाकीतल्या खडकांकडे एकदा वाकून बघितलं.

"तळाक खडपां आसत," तो म्हणाला. "हयसर पाग चलणा नाय."