यात्रेचा होकार आणि दिल्लीतला प्रश्न

आमच्या गावात लक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी एकदा भरते, आणि ती भरवायची तर प्रत्येक घराचा होकार लागतो. पंच देवळासमोर बसतात, एकेक घर पुकारतात, आणि घरातलं कर्तं माणूस उठून "होय" म्हणतं. एखाद्या घरानं नाही म्हटलं आणि कारण पटण्यासारखं असलं, तर गाव थांबतं. आमच्या घरात कर्तं माणूस म्हणजे मी. नवरा गेलेला, थोरला मुलगा बेळगावात बँकेत, धाकटा पलटणीत हवालदार.

यात्रेची बैठक ठरली तेव्हा धाकटा आफ्रिकेतल्या एका देशात होता. शांतिसेना म्हणून त्याची पलटण तिकडं पाठवली होती. वर्षाचं सांगून गेला होता. वर्ष संपलं आणि मुक्काम वाढला. किती वाढला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यातच छावणीजवळ गोळीबार झाल्याची बातमी टीव्हीवर आली. धाकटी सून जेवेना. मी जेवत होते. उपाशी राहून कुणी परत येत नाही. पण हे सगळं ठरवलं कुणी, ते मला कळेना. थोरल्याला विचारलं.

"सरकारनं."

"दिल्लीत एवढी निवडून दिलेली माणसं बसत्यात, त्यास्नी इचारलं?"

"त्यास्नी इचारायची गरज नसती, आये. खासदार मागनं प्रश्न इचारू शकत्यात."

"मग कुणी इचारला?"

"मला काय म्हाईत? मी बँकेत हाय."

बैठकीच्या दिवशीच देवळाच्या सभामंडपाचं भूमिपूजन होतं, म्हणून खासदार आले होते. नारळ फुटला, फेटा बांधून झाला, ते निघायला लागले. तेवढ्यात पंचांनी हौसेनं त्यांना खुर्चीत बसवलं, "आमच्या गावची रीत बघून जावा." चूक झाली ती इथंच.

आमचं घर पुकारलं. मी उठले आणि म्हणाले, "अजून न्हाय."

"का गं आक्का? काय अडचण?" पंचांनी विचारलं.

"अडचण ह्यांच्याकडं हाय," मी खासदारांकडं बोट केलं. "यात्रा भरवायची तर गाव घरोघर इचारतंय. माझं पोरगं परमुलखात बंदूक घेऊन उभं हाय. ते तुमाला इचारून पाठवलं काय?"

खासदार हसले. "अज्जी, तो विषय आमच्याकडे मंजुरीला येत नाही. सरकार ठरवतं."

"मग तुमी तितं काय करताय?"

मागं कुणीतरी शिट्टी मारली. खासदारांनी फेटा सारखा केला. "प्रश्न विचारू शकतो."

"मग इचारा. कशासाठी पाठवलं आनि कवा आणणार? उत्तर आलं की माझा होकार."

"आगं, पर तवर यात्रा?" एक पंच ओरडले.

"थांबंल. लक्ष्मीला घाई न्हाय, तुमास्नी हाय."

"आयतु, अज्जी, आयतु," म्हणत खासदार गाडीत बसले. आमच्याकडं कानडीत असं 'बरं, बरं' म्हणून पुष्कळ माणसं निसटतात.

हे निसटले नाहीत, कारण गावानं निसटू दिलं नाही. मंडपवाला त्यांना फोन करी, बँडवाला फोन करी, सासरी गेलेल्या लेकी तारखेसाठी फोन करत. नळावर बायका मला टोमणे मारत, "म्हातारीनं गाव टांगून ठेवलंय." मी म्हणे, "टांगल्याशिवाय तुमी फोन केला असता व्हय?"

अधिवेशनात प्रश्न गेला आणि लेखी उत्तर आलं. थोरल्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं. पाठवायचा निर्णय सरकारचा, सभागृहाची परवानगी लागत नाही. कशासाठी, त्याच्या दोन ओळी. त्या कुठल्याही देशाला लागू पडल्या असत्या. आणि पलटण पावसाळ्यात परत येणार. यात्रा मात्र वैशाखात धरली होती.

त्याच संध्याकाळी धाकट्याचा फोन. "आये, काय केलंस हे? आमच्या साहेबांनी बोलावून घेतलं मला."

"रागावला काय?"

"हसला. म्हणाला, परत जायचं कवा, ते आमालाबी तुझ्या आईमुळंच कळलं."

दुसऱ्या दिवशी पंच घरी आले. आवाज एकदम मऊ. "आक्का, पोरगा आल्यावरच करूया की यात्रा."

सुनेनं माझ्याकडं आशेनं बघितलं. पण मी उत्तरासाठी अडून बसले होते, आणि अर्धंमुर्धं का होईना, ते आलं होतं. आता आणखी अडले असते तर पुढच्या वेळी मला कुणी उभंही केलं नसतं. मी वैशाखातल्या यात्रेलाच "होय" म्हणून टाकलं. सून त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असंही मला वाटलं नाही.

वैशाखात रथ निघाला तेव्हा ती गर्दीत मोबाईल उंच धरून उभी होती. तिकडून धाकटा ओरडत होता, "जरा वर धर गं, नुसती डोकीच दिसत्यात!"