थांबणारा पियानो

माझ्या आवडीच्या रेकॉर्डिंगांबद्दल मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगत सुटतो. आटगावजवळच्या आमच्या गावात हळदीला डीजे आणि सप्त्याला भजन. जॅझ ऐकणारा मी एकटाच. त्यातही जुन्या, होऊन गेलेल्या उस्तादांपेक्षा मला आजची, हयात असलेली माणसं आवडतात. लंडनच्या पोरांचं एक रेकॉर्डिंग आहे, त्यात सॅक्सोफोन असा कचाकचा भांडतो की शेजारी डोकावून जातात. पण माझं सगळ्यांत लाडकं नॉर्वेचं. पियानो, बास, ड्रम, तिघंच. त्यात पियानोवाला मध्येच थांबतो. बास एकटा चालत राहतो आणि आता हा येईल, आता येईल म्हणावं तर तो येतच नाही. त्या थांबण्यावर माझा जीव आहे.

लग्न झाल्यापासून माझी एकच इच्छा होती, ते थांबणं बायकोने माझ्याशेजारी बसून ऐकावं. पण मी लावलं की ती थोड्या वेळाने उठायचीच. दूध उतू जाईल म्हणायची.

गेल्या थंडीत तिची थोरली बहीण मुरबाडहून राहायला आली. एका संध्याकाळी शहापूरच्या दुकानातून काम संपवून मी घरी आलो, तर अंगणापर्यंत माझा पियानो ऐकू येत होता. ओटीवर दोघी बहिणी मोड आलेले वाल सोलत बसलेल्या, मध्ये माझा स्पीकर. पियानो थांबला. बायकोचे हातही थांबले, डोळे मिटले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यासाठी मी इतकी वर्षं हातापाया पडलो, ते या मेव्हणीला वाल सोलता सोलता मिळालं! तिने माझा स्पीकर मुरबाडला नेला असता तरी मला एवढं लागलं नसतं.

"हे जे थांबणं आहे ना," मी पायरीवरूनच सुरू केलं, "यात बासवाला..."

"भावजी, जरा गप ऱ्हावा," मेव्हणी म्हणाली.

माझ्याच ओटीवर, माझ्याच रेकॉर्डिंगला! जेवताना मी धुमसत होतो. मेव्हणी हात धुवायला उठली तसं बायकोला विचारलंच, "माझ्याबरोबर कधी ऐकलं नाहीस ते?"

"तुमच्याबरोबर ऐकाया मिळतं कुठं?" ती म्हणाली. "आता हा थांबल, आता तो येल, हा कुठला, तो कुठला. तुमी सांगतच बसता. ताई बोलत नाय."

मेव्हणी परत निघाली तेव्हा मी तिला स्टँडवर सोडायला आनंदाने गेलो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी बायको वाल घेऊन बसली तसा स्पीकर मीच लावला, परात दोघांच्या मध्ये ओढली आणि सोलायला लागलो. पियानो थांबला. ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं. एक वाल बोटांत चिरडला. बायकोचे डोळे मिटले होते आणि तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला होता. मला वाटलं, मिळालं एकदाचं.

रेकॉर्डिंग संपलं. तिने पदराला हात पुसले आणि मुरबाडला फोन लावला.

"ताई, आज परत लावलेलं गो, तेच. तू पायजे होतीस."

पलीकडून मेव्हणीने काहीतरी विचारलं.

"नाय गो, कोण नाय. एकटीच होते."