काकांचा पुतळा

रात्रीच्या जेवणाला वडील म्हणाले, "बारा वर्षं झाली. आता त्याचा पुतळा करून टाकू."

काकू ताक वाढत होती. तिचा हात थांबला. मग सगळं ताक वडिलांच्याच वाटीत ओतून ती आत गेली.

मला पुतळा एकच ठाऊक होता, चौकातला, घोड्यावर बसलेला. माझं शाळा-कॉलेज इंग्रजी, रस्ता कन्नड, मराठी फक्त चामराजपेटेतल्या आमच्या घरापुरती. काका शिंपी होते. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी अस्तराचं कापड आणायला मार्केटात गेले ते परत आले नाहीत. शिंप्याचा पुतळा कोण उभारणार, हे मला कळेना. पण चारचौघांत विचारणं मला जमत नाही. काकू एकटी ओटा पुसत होती तेव्हा हळूच विचारलं, "कुठे बसवणार गं?"

"काय?"

"काकांचा पुतळा."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "सर्कलमध्ये! घोड्यावर! हातात कात्री देऊ." मग डोळे पुसत म्हणाली, "बोंबे गं, दर्भाची बोंबे. माणूस सापडला नाही तर गवताचा करतात नि जाळतात. म्हणजे मग तो गेला."

बोंबे म्हणजे आमच्याकडे दसऱ्याला पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या. त्यातली एक जाळायची, ही कल्पना मला भयंकर वाटली आणि तितकीच विलक्षणही. काकू हसायची थांबली होती. "अण्णांना भावाला पाणी द्यायचंय. त्यांचं चूक नाही. पण मी हो म्हटलं, म्हणजे मीच त्यांना मारलं की नाही?" कपाळावरच्या कुंकवाजवळ तिचं बोट गेलं आणि तसंच खाली आलं.

त्या महिन्यात मी आनेकलच्या पलीकडे एका उत्खननात चित्रं काढायला जात होते. नाचणीच्या शेतात दगडांची वर्तुळं होती, खाली फार जुनी दफनं. एका वर्तुळाच्या कडेला कमरेएवढी एक शिळा उभी होती. डोळे नाहीत, हात नाहीत. नुसती खाली रुंद, वर गोल डोक्यासारखी घडवलेली. वहीत मी तिचं इंग्रजी नाव लिहिलं. मानवाकृती हा शब्द मला नंतर मिळाला.

त्या शिळेखालच्या खड्ड्यात मडकी निघाली, हाड एकही नाही. उत्खननाच्या प्रमुख बाईंना आम्ही मॅडम म्हणायचो. दोन दिवस धीर गोळा करून मी त्यांना विचारलं, "मॅडम, ज्याचा देह मिळाला नाही, त्याच्यासाठी हा दगड केला असेल का?"

त्यांनी चष्मा वर सरकवला. "असेलही. किंवा इथल्या मातीनं हाडं खाल्ली असतील. तुला का वाटलं असं?"

मी घरातलं बोलले नाही. "असंच," म्हटलं.

"अंदाज चांगला आहे. पण चित्रात तो आणू नकोस. दगडाला चेहरा नाही, तर तुझ्या कागदावरही नको."

मी चेहरा काढला नाही. पण परतीच्या बसमध्ये मनात तेच चालू होतं. करणाऱ्याला चेहरा येत नव्हता, की नको होता? आणि तो दगड कुणासारखा दिसतोय का, हे कुणी विचारलं असेल का?

पुढच्या आठवड्यात गुरुजी घरी आले. त्यांनी विधी समजावला. अंगाला दर्भ, हाडांच्या जागी पळसाची पानं, डोक्याला नारळ. वडील मान हलवत होते. काकू दाराशी उभी होती. एकाएकी म्हणाली, "आणि ते परत आले तर?"

वडील चपापले. गुरुजी मात्र शांत. "त्यालाही शास्त्र आहे, अक्का. परत आला तर त्याला नवजात बाळ धरायचं. जातकर्म, मुंज, सगळे संस्कार पहिल्यापासून. आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न."

"म्हणजे मला परत विचारणार?"

"विचारावं लागेल."

"मग या वेळी मी स्वल्प, थोडा तरी, विचार करीन," काकू म्हणाली. गुरुजी खो खो हसले. वडिलांनाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. हे शास्त्र ज्यानं कुणी लिहिलं, त्यानं दार पुरतं लावलं नव्हतं. मला वाटतं, काकूनं होकार दिला तो त्या फटीकडे बघून. चहाचे कप उचलताना ती एवढंच म्हणाली, "दिवस ठरवा, अण्णा."

श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी आम्ही चौघंच होतो, गुरुजी धरून. गुरुजींनी दर्भाच्या जुड्या बांधल्या, लोकरीच्या धाग्यानं हातपाय जोडले, जवाच्या पिठाचा लेप दिला. मी जवळ जाऊन बघत होते. शोक सोडून मी गाठी बघतेय याची लाज वाटली, पण नजर हलेना. मघापर्यंत गवत होतं. नारळ ठेवला त्या क्षणी तिथं कुणीतरी निजलेलं होतं.

वडिलांनी निखाऱ्यांचं भांडं उचललं.

"थांबा," काकू म्हणाली. ती आकृतीशेजारी उभी राहून खाली बघत होती, गिऱ्हाइकाच्या अंगावरचा सदरा बघतात तशी. "हे फार उंच झालेत."

"असू दे गं," वडील पुटपुटले.

"असू दे कसं? बारा वर्षांत भाऊ वाढला का तुमचा? माझ्या कानाशी यायचे ते. लग्नाच्या फोटोत मला मुद्दाम खुर्चीत बसवलंय, विसरलात?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी निवाडा करणार होते. माझा आवाज फुटेल असं मला वाटलं नव्हतं. "काकूला ठाऊक आहे," मी म्हणाले. "कमी करा."

त्यांनी पायांचे धागे सोडले, वीतभर दर्भ काढला, पुन्हा बांधलं. काकू वाकली. डोक्यापासून पायापर्यंत तिनं वितीनं माप घेतलं, शेवटची वीत पायाशी नीट बसली का ते पाहिलं. बराच वेळ तिनं हात तिथून काढला नाही.

"सरी, झालं बरोबर," ती म्हणाली. "आता हे आहेत."

वडील भांडं घेऊन तिथंच उभे. ते पुढं होईनात.

"मी सांगतेय ना, अण्णा," काकू म्हणाली. "पेटवा."