धुऱ्याचा गोटा आणि लाल आभाळ

आर्णीच्या आसपासच्या गावांत एखाद्याचा शब्द पक्का आहे असं सांगायचं असलं की म्हणतात, "घनश्यामनं रोवलेला गोटा आहे, हलत नाही." दोन शेतांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात आणि हद्द दाखवायला त्या धुऱ्यात रोवलेल्या दगडाला गोटा. घनश्यामकाकांनी आयुष्यभर हे गोटे रोवले. आधी एका निवृत्त मोजणीदाराबरोबर लोखंडी साखळी ओढत, आणि गेली सहा वर्षं माझ्या हाताखाली. हाताखाली म्हणजे नावापुरतं. रोज सकाळी बोलणी मीच खात असे.

मी रजत. यवतमाळला डिप्लोमा केला आणि खाजगी मोजणीचं काम धरलं. माझी मशीन म्हणजे एका काठीवर बसवलेला डबा. तो आकाशातल्या उपग्रहांचे संदेश पकडतो आणि तुम्ही कुठे उभे आहात ते बोटभर अंतराइतकं अचूक सांगतो. या मशीनचा मला भारी गर्व होता, आणि काकांच्या लेखी तिला पैची किंमत नव्हती. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथे एक जुना दगड आहे. त्याची जागा आमच्या वहीत लिहिलेली आहे. कुठल्याही कामाआधी मशीन त्या शिवेच्या गोट्यावर ठेवायची, वहीतल्या आकड्याशी ताडून पाहायची, आणि जुळलं तरच पुढे जायचं, हा काकांचा नियम. त्याशिवाय ते चहाचा घोटही घेत नसत.

"साखळीच्या कड्या ओढून ओढून उघडतात," ते म्हणायचे. "साखळी लांब होते, आन आपल्याले पत्ता नसते. म्हणून रोज सकाळी ठरल्या मापाच्या दोन खुट्यायच्या मधात ताणून पाह्याची. तुही मशीन काय देवाच्या घरून आली?"

मी हसायचो. त्यांचं नावच मी 'तपासणीकाका' ठेवलं होतं. सहा फूट उंच, वाळलेला माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा, आणि चाल अशी की प्रत्येक पाऊल नेमकं अडीच फुटाचं. या माणसाला काही खुपत असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

एकच गोष्ट मला विचित्र वाटायची. आर्णीच्या बाजारात जवळच्या तांड्यावरची रामीबाई नावाची एक म्हातारी काकांना अडवायची. हातात काठी, कोपरापर्यंत बांगड्या. दर वेळी तोच प्रश्न.

"घनश्याम, साखळी पाह्यली होती ना तुनं त्या दिवशी?"

"पाह्यली होती, बाई."

"मंग ठीक आहे," म्हणून ती पुढे निघून जायची. मी स्वतः हे चार-पाच वेळा ऐकलं. म्हातारी भ्रमिष्ट झाली असं सगळेच म्हणत, मीही म्हणालो. काका भाजी न घेताच रिकामी पिशवी घडी करून खिशात घालत आणि एसटी स्टँडकडे चालू लागत. दोन वर्षांपूर्वी रामीबाई वारली.

२०२४ च्या मे महिन्यात तिच्या सुनेनं, रुपीबाईनं मला निरोप पाठवला. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं पीक ठेवत नव्हती, म्हणून तिला शेताला तारेचं कुंपण घालायचं होतं. पण कुंपण कुठून न्यायचं? शेजारचे मारोतराव म्हणत, चाळीस वर्षांपासून गोटा आहे तिथूनच. रुपीबाईची सासू मरेपर्यंत सांगत राहिली होती की गोटा आपल्या वावरात आत घुसलाय, सासऱ्यानं लावलेलं मोहाचं झाड त्या पट्ट्यात गेलं आणि तोडलं गेलं. भांडत बसण्यापेक्षा मोजून घेऊ, मशीन म्हणेल ते दोघांनाही मान्य, असं ठरलं. सत्तरीचे मारोतराव तसे सरळ माणूस. गोटा रोवला तेव्हा त्यांचे वडील कारभार पाहत होते.

अकरा मे, शनिवार. काका त्यांच्या गावाहून एसटीनं परस्पर शेतावर येणार होते. मी मोटरसायकलवर निघालो. नऊ वाजताच ऊन असं होतं की शिवेच्या गोट्याकडे वळायचं जिवावर आलं. रोज तर जुळतं, एक दिवस नाही पाहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणून मी सरळ शेत गाठलं.

काका धुऱ्यावर उभेच होते. चेहरा उतरलेला होता. उन्हानं असेल, मला वाटलं.

"गोट्यावर पाह्यली का मशीन?"

"हाव काका, पाह्यली."

इतकं सहज खोटं मी याआधी कधी बोललो नव्हतो.

मोजणी केली. नकाशाप्रमाणे हद्द जिथे यायला हवी तिथे मशीननं मला नेऊन उभं केलं, आणि माझ्या पायाशीच तो जुना गोटा होता. एका वितीचाही फरक नाही. मारोतरावांनी दोन्ही हात जोडले. "मशीनच म्हणते, आता काय बोलायचं?"

रुपीबाई गोट्याकडे पाहत राहिली. "म्हंजे याडीच चुकली होती म्हणायची," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. सासूला ती याडीच म्हणायची. आवाजात राग नव्हता. मला तेव्हा बरंच वाटलं, काम लवकर आटोपलं म्हणून.

काकांनी दुपट्टा सोडून तोंड पुसलं. सुटका झालेल्या माणसाचा तो चेहरा होता, हे मला फार उशिरा कळलं.

निंबाखाली पाणी प्यायला बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून रुपीबाईनं मोबाइल पुढे केला. तिचा मुलगा सुनील फौजेत, लडाखला. "रातच्याला ड्युटीवर होता. एक वाजल्याच्या पुढं आभाळ लाल झालं म्हणे. डोळ्याले फिकं दिसे, क्यामेऱ्यात लालभडक आलं. मले तं वाटलं कुठं आग लागली."

फोटोत काळे डोंगर होते आणि त्यांच्यावर कुंकू सांडल्यासारखा लाल पट्टा. काकांनी तो बराच वेळ पाहिला. "हे काहून होते, रजत?"

मला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं सांगायची खुमखुमी तर मला आहेच. मी सुरू झालो. सूर्यावर काळे डाग पडतात, अकरा वर्षांच्या फेऱ्यात कधी कमी, कधी जास्त, आणि सध्या ते खूप आहेत. डाग असतात तिथे सूर्याचं चुंबकत्व दोरीसारखं पिळलेलं असतं. पीळ फार झाला की तुटतो, आणि विजेनं भारलेल्या कणांचा मोठा लोट बाहेर फेकला जातो. दोन-तीन दिवसांत तो पृथ्वीपर्यंत येतो. पृथ्वी स्वतः एक चुंबक आहे, ती या कणांना थेट खाली येऊ देत नाही. धक्के खात ते दोन्ही ध्रुवांकडे वळतात आणि तिथे उंचावरच्या विरळ हवेवर आदळतात. ट्यूबलाइटमध्ये वीज गेली की आतला वायू उजळतो ना, तशी ती हवा उजळते. शंभर-दीडशे किलोमीटरवरचा ऑक्सिजन हिरवा दिसतो, दोनशेच्या वरचा लाल. लडाख ध्रुवापासून फार लांब, म्हणून खालचा हिरवा रंग क्षितिजाआड राहतो आणि उंचावरचं लाल तेवढं दिसतं. एवढ्या लांबून दिसलं म्हणजे वादळ मोठंच असणार.

"वादळ अजून चालू आहे?" काकांनी विचारलं.

"असंल. आज दिवसभर राहील म्हणतात."

"आपल्या डोक्यावरबी?"

"हाव. आपल्याकडे रंग दिसत नाही इतकंच. वरची हवा तर सगळीकडंच ढवळते."

"आन तुह्या मशीनले जागा कोन सांगते?"

"उपग्रह."

"थे कुठं रायतात?"

"वीस हजार किलोमीटर वर."

"मंग त्यायचा सांगावा खाली येते कुठून?"

मी मशीनकडे पाहिलं. त्याच हवेतून येतो, आणि ढवळलेल्या हवेत तो भरकटतो. दहावी शिकलेल्या माणसानं मला तीन प्रश्नांत पकडलं होतं. मशीनच्या स्क्रीनवर एक शब्द असतो. जागा पक्की झाली की 'फिक्स' दिसतं, नाहीतर 'फ्लोट'. सकाळपासून तिथे 'फ्लोट' होतं. मी ते पाहिलं होतं आणि पाहूनही सोडून दिलं होतं.

"सकाळी गोट्यावर जुळलं होतं ना?" काकांनी हळूच विचारलं.

मी खाली पाहिलं. "नाही काका. गेलोच नाही."

ते रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत. माझ्याकडे असे पाहत राहिले की त्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुन्हा मोजलं. हद्द जुन्या गोट्यापासून अडीच फूट मारोतरावांकडे सरकली. वीस मिनिटांनी पुन्हा मोजलं, तर चार फूट रुपीबाईकडे. मारोतराव वैतागले. "मशीन बिघडली असंल तं राहू द्या. गोटा आहे ना जागेवर? घनश्यामचा गोटा आहे थो."

काकांना तिथेच थांबता आलं असतं. मशीनचा दोष, सूर्याचा दोष, आणि गोटा जिथल्या तिथे. रुपीबाईनं तर मनातून सोडूनही दिलं होतं. काका उठले, गोट्यापाशी गेले आणि उकिडवे बसले.

"गोटा चुकला आहे, मारोतराव. मशीननं नाही. माह्यानं."

मग त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी ते तेवीस वर्षांचे होते, नवं लग्न, नवं काम. त्या सकाळी उठायला उशीर झाला. मोजणीदारानं विचारलं, साखळी तपासली? ते हो म्हणाले. मारोतरावांच्या शेताच्या त्या टोकापासून अकरा साखळ्या मोजत इथवर आले आणि गोटा रोवला. दुसऱ्या दिवशी साखळी खुंट्यांवर ताणली तर चार बोटं लांब निघाली. अकरा साखळ्यांत गोटा साडेतीन फुटांच्या आसपास रामीबाईच्या वावरात गेला होता. सांगितलं असतं तर काम गेलं असतं. उद्या सांगू, परवा सांगू करता करता मोह तोडला गेला, आणि मग सांगायची हिंमतच उरली नाही.

"म्हातारी दर बाजारी विचारे," ते म्हणाले. "तिले माहीत होतं. तिनं पाह्यलं होतं मले त्या सकाळी, खुट्यायकडं न जाता सरळ येतानी. मी दर वेळी खोटं बोललो."

मला माझी सकाळ आठवत होती. ज्या नियमाला मी सहा वर्षं हसलो तो काकांनी स्वतःला दिलेली शिक्षा होता, आणि त्यांचं जुनं खोटं मी त्यांच्याच तोंडावर, त्याच धुऱ्यावर पुन्हा बोललो होतो. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

मारोतराव एवढंच म्हणाले, "बापानं जिंदगीभर तिले पागल म्हटलं. आम्हीबी."

आठ दिवस मी रोज शिवेच्या गोट्यावर जात होतो. वादळ कधीच शमलं होतं, आकडा रोज जुळत होता, तरी जात होतो. पुढच्या रविवारी सगळे पुन्हा शेतावर जमलो. स्क्रीनवर 'फिक्स' होतं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा हद्द एकाच जागी आली. गोट्यापासून साडेतीन फूट आणि वर दोन इंच, मारोतरावांच्या बाजूला. मारोतरावांनी मान हलवली.

काकांनी सब्बल, म्हणजे पहार, कोणाला दिली नाही. त्या वयात, त्या उन्हात, एकट्यानं मोजलेल्या जागी नवा खड्डा खणला आणि जुना गोटा उकरला. गोट्याखाली कोळसा पुरायची रीत आहे. कोळसा कुजत नाही, कोणी दगड हलवला तरी खरी जागा सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच पुरलेला मूठभर कोळसा निघाला, काळाकुळकुळीत, काल टाकल्यासारखा. तो हातात घेऊन काका रुपीबाईसमोर उभे राहिले.

"माफ कर, बाई."

रुपीबाईनं पदर सावरला. "मले कायले सांगता? मी तं मानली होती तुमची मशीन. मी बी याडीले खोटंच ठरवलं होतं." ती थांबली. "तिनं इचारलं होतं. तिले सांगा."

काका शेताकडे वळले. नांगरून ठेवलेलं काळं वावर, समोर कोणी नाही. बाजारात हाक मारावी तशा आवाजात ते म्हणाले, "रामीबाई, नव्हती पाह्यली साखळी. तुहं खरं होतं."

मी त्यांना नव्या खड्ड्याजवळ घेऊन आलो. रुपीबाईनं त्यांच्या मुठीतला कोळसा काढून घेतला, खड्ड्यात टाकला आणि म्हणाली, "आता लावा गोटा, भाऊ."