उतार कुणाच्या दाराकडे

शेजारचे काका घराचा उंबरा वाढवायला लागले आणि माझ्या जिवाला घोर लागला.

काका सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. कमी बोलणारे, सिद्धेश्वराला जाऊन आल्याशिवाय चहाला तोंड न लावणारे. विनाकारण एक खिळासुद्धा ठोकणार नाहीत, असा माणूस. त्यांच्या दारात सकाळी सकाळी गवंडी बसलेला दिसला. उंबऱ्यावर विटांचा थर चढत होता. मी विचारलं तर म्हणाले, वास्तुदोष निघाला. सगळा जन्म त्या घरात सुखानं काढला, मुलींची लग्नं त्याच दारातून लावली, आणि आता दोष निघाला. मी मान हलवली आणि घरात येऊन कढई आदळली.

आमची गल्ली सोलापूरच्या जुन्या भागातली, दोन्ही बाजूंना घरं, मधून एक रिक्षा जाईल एवढी वाट. मागच्याच आठवड्यात तिच्या काँक्रीट रस्त्याचं भूमिपूजन झालं होतं. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. आम्हा बायकांनी ओवाळलंसुद्धा. रस्ता कसा होणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. आपल्याकडे रस्ता मिळतो तो प्रसादासारखा. हात पुढे करायचा आणि कपाळाला लावायचा.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा पायऱ्या चढून आत यावं लागायचं. दर वेळी जुन्या रस्त्यावर नवा रस्ता चढला आणि पायऱ्या एकेक करून खाली गेल्या. एकच उरली होती. तिच्या आत माझी पुढची खोली, आणि त्या खोलीत माझं सगळं चालतं. मी कडक भाकऱ्या करते. ज्वारीच्या, बाजरीच्या, तीळ लावलेल्या. मदतीला दोन बायका येतात. भाकरी पातळ थापायची, मंद आचेवर पापडासारखी कडक करायची, थप्पी लावून ठेवायची. महिनाभर टिकते. तिचा शत्रू एकच, ओल. खोलीत जरा दमटपणा आला की थप्पीच्या थप्पी सादळतात, आणि सादळलेली कडक भाकरी कुत्रंही हुंगून पुढे जातं. रस्ता आणखी चढला तर गल्लीतलं पावसाचं पाणी पायरी ओलांडून थेट माझ्या खोलीत येणार होतं. यजमानांना गुडघ्यांनी घरी बसवलेलं. घर त्या खोलीवर चालतं.

म्हणजे मला एवढंच कळायला हवं होतं की जुना रस्ता उकरून काढणार आहेत की त्याच्यावरच ओतणार आहेत. साधा प्रश्न. पण तो विचारायला मी निघाले आणि पुढचे कितीतरी दिवस माझी चिडचिड थांबली नाही.

पहिल्यांदा मी कामाचा फलक शोधला. सरकारी पैशाच्या कामावर फलक लावावा लागतो. काम कोणतं, रक्कम किती, मक्तेदार कोण, मुदत काय. भूमिपूजनाला तो होता, फोटोत मी स्वतः त्याच्या शेजारी उभी आहे. आता तिथं दोन खड्डे होते. कामावर देखरेख करणारा एक माणूस रोज मोटारसायकलवर यायचा. माढ्याकडचा, पस्तिशीचा, गोड बोलणारा. त्याला विचारलं तर म्हणाला, फोटो काढून वर पाठवला, आता फलकाचं काय काम, हितं ठेवला तर कुणीतरी भंगारात विकंल. दोन दिवसांनी भाजीला गेले तेव्हा तोच फलक पलीकडच्या गल्लीत उभा. त्याच्यावर नवा कागद चिकटवला होता आणि समोर नव्या नारळाची करवंटी पडली होती. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की भाजी न घेताच परत आले.

मग महापालिकेच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, माहिती कशाला हवी? मी म्हटलं, माझ्या घरात पाणी शिरणार की नाही, हे कळायला. त्या म्हणाल्या, असं कारण चालत नाही. मी म्हटलं, कारण सांगायची सक्तीच नाही, तुमच्या मागच्या भिंतीवर लिहिलंय, वाचा. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. पोच मिळाली. उत्तर महिन्याभरात येईल म्हणाल्या. महिन्याभरात रस्ता होऊन त्याच्यावर पोरांचं क्रिकेट सुरू झालं असतं.

मी अर्ज केल्याचं संध्याकाळच्या आत गल्लीभर झालं. लोक भाकरी घ्यायच्या निमित्तानं येऊन समजावू लागले. वहिनी, प्रश्न विचारले की निधी परत जातो. वहिनी, मागच्या खेपेला त्या चौकात कुणीतरी तक्रार केली आणि रस्ता दुसऱ्या वॉर्डात गेला. कोणत्या चौकात, कुणाची तक्रार, ते कुणालाच माहीत नव्हतं. पण भीती मात्र सगळ्यांच्या तोंडपाठ होती. मी विचारायची, तुमच्या घरात पाणी आलं तर? तेव्हा सगळे जरा इकडेतिकडे बघायचे आणि विषय शेंगांच्या चटणीवर न्यायचे. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, घाबरट आहेत झालं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गल्लीत कुणी कामाला आलं की पहिल्या दिवशी त्याला खायला घालायचं. मग तो खड्डा खणणारा असो नाहीतर विजेच्या खांबावर चढणारा. मीही त्या देखरेखीच्या माणसाला पहिल्याच दिवशी भाकरी, चटणी आणि दही दिलं होतं. एकदा तुमच्या दारात जेवला की तो तुमचा माणूस होतो. त्याला चारचौघांत अडचणीत आणायचं नाही, काय असेल ते दारात बोलायचं, हलक्या आवाजात. त्याला ही रीत आमच्यापेक्षा चांगली ठाऊक होती. गल्लीतल्या एकूण एक घरात तो जेवला होता. आम्ही कौतुकानं म्हणायचो, काय साधा माणूस आहे, कुणाला नाही म्हणत नाही.

अर्जाची कुणकुण लागल्यावर तो माझ्या दारात आला. आत आला नाही, पायरीवर बसला. इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, तुमाला म्हणून सांगतो. रस्ता चढणार हाय. पण तुमच्या दारापुढं आमी उतार पलीकडं काढतो. तुमच्या खोलीत थेंब येणार न्हाय. फकस्त गल्लीत बोलू नका, न्हायतर समदीच मागं लागत्यात."

मला जे कळायला हवं होतं, ते कळलं. आत यजमानांनीही ऐकलं होतं. तो गेल्यावर ते म्हणाले, आपलं झालं ना, मग आता त्या अर्जाचं शेपूट सोड. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. मी त्या दुपारी गुणगुणत भाकऱ्या केल्या, मदतीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

पण पलीकडं म्हणजे कुठं? माझ्या दारासमोर पलीकडं एकच घर. दुधनीकडून आलेलं एक तरुण जोडपं तिथं भाड्यानं राहतं. नवरा कापडाच्या दुकानात कामाला, बायको घरी शिलाई करते. घरात रांगतं मूल. मशिनची मोटर जमिनीलगत, कापडाचे गठ्ठे जमिनीवर. ती मला अक्का म्हणते. माझं माहेरही कानडी, त्यामुळे आम्ही दोघी अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बोलतो. जवळजवळ रोज ती माझ्याकडून भाकरी नेते, उधारी ठेवत नाही.

मी दारात बसले की समोर तिचं दार. पडदा हलला की आतलं मूल दिसायचं, फरशीवर थापट्या मारत पुढे सरकणारं. मी तोंड फिरवायची. आत गेले की चुलीपुढे जीव लागेना, पुन्हा दारात यायची. कुणी मारत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं, आणि तरी मला एका जागी बसवेना. उद्या पाऊस पडेल, मी माझ्या कोरड्या खोलीतून बघत बसेन आणि ती पोराला कडेवर घेऊन गठ्ठे पलंगावर टाकत असेल. मग मी म्हणणार काय तिला? अगं बाई, रस्ता कसा केलाय बघ या लोकांनी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडून तिच्याकडे गेले. तिनं पाट दिला. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं की रस्ता चढणार आहे, उतार तुझ्या दाराकडे काढणार आहेत, मला गप्प राहायला सांगितलंय, पण मी सांगतेय.

तिनं मशिनवरचं कापड बाजूला केलं. चेहरा पडला, पण मला वाटलं तसा नाही. घाबरलेला नव्हता. चोरी पकडल्यावर होतो तसा होता.

"अक्का, आमाला बी त्यानं हेच सांगितलं की," ती म्हणाली. "उतार समोर, तुमच्या दाराकडं काढतो म्हणाला. कुणाला बोलू नका म्हणाला."

मग माझं डोकं असं फिरलं की चपला न घालता बाहेर पडले आणि दार दार हिंडले. माझ्या बाजूच्या घरांना सांगितलं होतं, पाणी पलीकडे जाईल. पलीकडच्यांना सांगितलं होतं, पाणी अलीकडे येईल. प्रत्येकाला हलक्या आवाजात, प्रत्येकाला "तुमाला म्हणून". सगळी गल्ली आपापल्या दारात तेच गुपित सांभाळत बसली होती आणि एकमेकांना वाटीभर साखर देत होती. काहींना हसू आलं. एक आजोबा तर इतके हसले की ठसका लागला. मला हसू आलं नाही.

काकांच्या दारात गेले तेव्हा ते म्हणाले, मलाही सांगितलं होतं. पण नोकरीभर त्यांनी लोकांना असंच सांगताना ऐकलं होतं, त्यामुळे विश्वास बसला नाही, म्हणून उंबरा बांधला. मग आम्हाला का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, सवय नाही. त्यांच्या तोंडावर राग काढायचा होता मला, पण त्या दोन शब्दांनी तो जागच्या जागी बसला. नोकरीभर न सांगण्याचाच पगार घेतला होता त्यांनी.

तो माणूस मोटारसायकलवरून आला तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं रस्त्यावर उभी होती. मी त्याला आधी पाण्याचा तांब्या दिला. त्यानं पिऊन परत केला.

मी म्हटलं, "आता मोठ्यानं सांग. पाणी कुणाच्या दारात जाणार?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, समोरच्या घराकडे पाहिलं, मग खाली. साहेबांना इचारून सांगतो म्हणाला. लोक म्हणाले, आत्ता विचार, आमच्यासमोर, आवाज मोठा करून. फोन लागला. काका पुढे आले आणि गल्लीत पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. जुना रस्ता उकरून काढणे हे अंदाजपत्रकात धरलंय का, तेवढं वाचून दाखवा, म्हणाले. उद्या येऊन वाचतो, एवढं बोलून पलीकडून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. तरुण होते, घाम पुसत होते. मोबाईलवर अंदाजपत्रक उघडलं आणि भर गल्लीत वाचलं. जुना रस्ता उकरून, राडारोडा उचलून नेऊन, मग काँक्रीट, असंच त्यात होतं. पहिल्यापासून होतं, म्हणजे उकरायचा पैसा वाचवून वरच ओतायचा बेत होता. वाचायला त्यांना चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. तेवढ्या वेळासाठी मी झोप घालवली होती, आणि गल्लीनं एकमेकांकडे बघणं सोडलं होतं.

आठवड्याभरानं उकरायचं यंत्र आलं. धुरळा इतका उडाला की मला भाकऱ्या बंद ठेवाव्या लागल्या, गिऱ्हाईक ओरडलं. पण रस्ता खाली गेला, आणि माझी खोली कोरडी राहणार हे नक्की झालं. लोक आता मला गल्लीत मान देतात. अर्ज केलात ते बरं झालं, म्हणतात. त्याच माणसांनी मला तो मागे घ्यायला सांगितला होता, पण ते असो.

चुली पुन्हा पेटल्या त्या दिवशी समोरची आली. मूल कडेवर होतं. मी भाकऱ्या बांधून दिल्या, वर तिळाच्या दोन जास्तीच्या ठेवल्या. तिनं पैसे दिले, पण निघेना. मी म्हटलं, काय गं? ती पोराच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, रोज भाकरी न्यायला यायचे तेव्हा तुमच्या खोलीकडं बघवायचं न्हाय. मी म्हटलं, जाऊ दे, मलाही एक दिवस बरंच वाटलं होतं, त्यात काय. आता सगळं नीट झालं. तू सांगितलंस म्हणून तर झालं.

"तुमी आधी बोलला म्हणून मी बोलले, अक्का," ती म्हणाली. "तुमी न्हाय बोलला असता तर मी बी न्हाय बोलले असते."

तिनं पुडा उचलला आणि रस्ता ओलांडून घरी गेली. मी चुलीकडे वळले. तव्यावरची भाकरी करपली होती.