गौरीचा मुकुट आणि माळ्याचा कागद

आमच्या सासऱ्यांच्या हाती लागलेला कागद पुन्हा कागद म्हणून कधीच बाहेर पडला नाही. कुंकुमपत्रिका असो, औषधाची पुडी असो, नाहीतर दफ्तरातला फेकलेला मसुदा असो, त्याचा बाजूबंद व्हायचा, नाहीतर कमळ. नारायण पेठेतल्या त्यांच्या घरी दर भाद्रपदात गौरी यायच्या आणि डोक्यापासून पायापर्यंत कागदाचे दागिने घालून बसायच्या. घरात सोनं नव्हतं असं नाही. पण ते म्हणायचे, सोन्याचा दागिना सोनार करतो, त्यात माझी सेवा ती कसली? सासूबाईंचं मत थोडं वेगळं होतं. श्रावण लागला की यांच्या अंगात सोनार, शिंपी आणि उंदीर एकदमच संचारतात, असं त्या शांतपणे सांगायच्या.

सासऱ्यांची सगळी हयात श्रीमंतांच्या दफ्तरात मोडी वाचण्यात गेली होती. कितीही गिचमिड अक्षर असलं तरी ते लावणारा माणूस म्हणून पेठेत त्यांचा दबदबा होता. काम सोडल्यावर कागदाची सवय तेवढी उरली. कोणी काही लिहिलेलं घेऊन आलं की आधी कागद दोन बोटांत चोळून बघत, मग वास घेत, मग विचारत, "वाचून झालं ना?" मजकूर काय आहे ही चौकशी त्यानंतर, झाली तर. माझ्या वडिलांनी त्यांना पाठवलेलं पहिलं पत्र मला दिवाळसणाला दारावरच्या तोरणात भेटलं. वडिलांचा कृतानेक साष्टांग नमस्कार अगदी मधोमध लटकत होता. मी नवा जावई, मला राग आला. तो त्यांना दिसला असावा. म्हणाले, "व्याह्यांचं अक्षर सुरेख आहे, जावईबापू. पेटीत कशाला कोंडायचं?" मी फराळ केला.

लिहिलेली बाजू ते नेहमी वरच ठेवत. मोडीच्या वळणांपुढे दुसरी नक्षी काय करायची, असं त्यांचं म्हणणं. एकेका ओळीची पट्टी कापायची, तिच्या चुण्या घालायच्या, कडेला बेगड लावायची आणि खळीने एकावर एक थर चढवायचे. पट्ट्यांचा क्रम ते कधी मोडत नसत. दफ्तरातल्या माणसाची ती शिस्त होती.

माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली, त्या वर्षीचा मुकुट पाहून मात्र सगळी पेठ थक्क झाली. लोण्याच्या रंगाचा, जाड, जुन्नरी कागदाचा सात थरांचा मुकुट, आणि मधोमध काळा गोल शिक्का. सासरे खुशीत होते. गौरीपूजनाच्या दिवशी शेजारचा येसू माळी दर्शनाला आला, हात जोडले आणि ते तसेच ठेवून मुकुटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, ह्यो माझा कागद हाय."

कागद त्याच्या मळ्याचा होता. मळा त्याच्या आज्याला सरकारातून मिळालेला, आणि आता आज्याच्या भावाचा नातू, येसूचा चुलतभाऊ, तो आपल्याच आज्याचा म्हणून हक्क सांगत होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी पंच बसायचे होते. येसूने पंधरा दिवसांपूर्वी कागद सासऱ्यांकडे वाचायला आणून पंच बसेपर्यंत सांभाळायला तिथेच ठेवला होता, आणि सासऱ्यांनी त्याला सांगितलंही होतं, वाचला, पक्का आहे, काळजी करू नकोस. येसूचं तोंड उतरलं. मळा गेला तर त्याने जायचं कुठे?

मी मुकुट उतरवायला पुढे झालो, तर सासूबाई आडव्या आल्या. बसलेल्या गौरीच्या अंगावरचं विसर्जनाआधी काही निघत नाही, आणि विसर्जन उद्या संध्याकाळी. त्यांनी निकाल देऊन टाकला, "पंचांना म्हणावं, इथंच या. गौर काही तिथे यायची नाही."

पंच आले. पाच पागोटी गौरीसमोर वाकली आणि चुण्या बोटांनी उलगडत थरामागून थर वाचू लागली. मधूनच एखादं अक्षर बेगडीखाली गेलेलं निघे, तेव्हा सगळे मान तिरकी करत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय ही भक्ती! मजकूर लागत होता. तिसऱ्या थरावर मळ्याच्या चारी सीमा होत्या, चौथ्यावर येसूच्या आज्याचं नाव. पण पाचव्याची एक चुणी खळीने पार चिकटून गेली होती, आणि चुलतभावाने तेवढंच धरलं. एवढा जाणता माणूस सरकारी कागद वाचून वर कापतो, म्हणजे त्यात येसूच्या विरुद्ध काहीतरी असणारच, ते लपवायला हा उद्योग केला, असं तो म्हणाला. मुख्य पंचांनी सासऱ्यांना अदबीने विचारलं, "आपण वाचून कापलात?"

मला वाटलं, सासरे कोणाच्या तरी नावावर ढकलतील. मी तरी तेच केलं असतं.

"वाचलाच नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, मला अक्षर दिसत नाही. येसूला खोटं सांगितलं. मग तो रद्दीत मिसळला, रद्दी समजून कापला."

सासूबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं. एवढी दोन वर्षं हा माणूस बोटांनी कागद ओळखत होता आणि डोळ्यांची अब्रू राखत होता. मुख्य पंचांनी पुन्हा काही विचारलं नाही. शिक्का आहे, सीमा आहेत, मळा येसूचा, एवढंच बोलून ते उठले. येसूने सासऱ्यांचे पाय धरले. सासरे पाय मागे घेत होते.

त्यानंतर पेठेतलं कोणी त्यांच्याकडे कागद वाचून घ्यायला आलं नाही. लोक चांगलेच होते, उगाच त्यांना अवघड वाटू नये म्हणून येत नसत. मला ते फार लागलं. मीही तोवर दफ्तरातच नोकरीला लागलो होतो. मग मीच तिथून येताना रद्दी आणू लागलो आणि कापण्याआधी एकेक कागद त्यांना वाचून दाखवू लागलो. कुठल्या तरी गावचा पाण्याचा तंटा, कोणाच्या तरी मुलीचं लग्न, कोण्या शिलेदाराचं मेलेलं घोडं. कात्री हातात धरून ते ऐकत. "पुढे?" म्हणत. पुढचा कागद पुष्कळदा नसेच. मग मी मनाने रचून सांगायचो, आणि ते त्यांना कळायचं, आणि ते मला कळू देत नसत.

त्यांच्या शेवटच्या श्रावणात त्यांनी एकही पट्टी कापली नाही. सगळे कागद ऐकून झाल्यावर नीट घडी घालून मला परत दिले.